टपावरची फुटकी काच

मित्रांनो, दुपारपासून मला माझीच लाज वाटतेय.

आमच्या कॅम्पर व्हॅनच्या टपावर उजेडासाठी स्कायलाइट आहे. सकाळी पाहिलं तर तिची काच तडकलेली. गाडी शेजारच्या मावशींच्या जिन्याला लागून उभी असते, म्हणून त्या टपावर कुरडया वाळत घालतात. परवानगी मीच दिलेली. तरी भर गल्लीत ओरडलो, "मावशी, काचेवर पाय ठेवलात ना?"

"न्हाय ओ," एवढंच म्हणून त्यांनी कुरडयांचं फडकं गोळा केलं.

दुपारी नवी काच बसवायला जुनी काढली, तर बिजागरीत चिंचेची डहाळी अडकलेली. आमच्या गल्लीत चिंचेचं झाडच नाही. काल अकलूजला मीच गाडी चिंचेखाली सावलीला लावली होती. निघताना टपावर काहीतरी कडकडलं, तेव्हा मी गाण्याचा आवाज वाढवला होता.

संध्याकाळी मावशींच्या दारात गेलो. आसपास कुणी नाही बघून हळूच म्हणालो, "चूक माझी होती."

मावशी म्हणाल्या, "सकाळी लई मोट्यानं बोलत हुता की. आता ऐकूच येईना."

म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. पण मावशी फेसबुकवर नाहीत आणि आमच्या गल्लीतलंही इथं कुणी नाही. मग ही माफी झाली का?