एक तास अख्खं गाव चूप बसलं

चंद्रपूरच्या बसमध्ये बसून लिहितेय. डोकं अजून ताळ्यावर नाही.

जमिनीची बारीक थरथर मोजणं हे माझं काम. भद्रावतीकडे कोळसा खाणीलगतच्या एका गावात भिंतींना तडे जातात; लोक खाणीला दोष देतात. मागच्या महिन्यात तिथे एक यंत्र लावलं आणि लोकांना सांगून आले, "ही थरथर तुमच्याच चक्कीची, ट्रॅक्टरची आहे."

आज गेले तर गावच बंद! चक्की बंद, पाण्याच्या मोटारी बंद, ट्रॅक्टर उभे. सरपंच शेवंताबाई पारावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मोजा मॅडम. आता आमचं काईच चालू नाई."

यंत्र लावलं. कोणी पायसुद्धा आपटेना. मधेच एक मोटारसायकल आली, तसे दहा हात वर झाले. त्या माणसानं वळणावरच इंजिन बंद केलं आणि तिथंच उभा राहिला.

लॅपटॉपवरची रेघ आधी जरा शांत झाली. पण सपाट झालीच नाही. तासभर एकसारखी थरथरत राहिली.

शेवंताबाई वाकून पाहत होत्या. "आमी तं चूप आहो. मंग हे कोन हालवून राह्यलं?"

मी म्हटलं, "बाई, थरथर कुठून येते ते एका यंत्रावरून सांगता येत नाही."

"मंग चार यंत्रं आना. आमी पुन्हा चूप बसू."

चार यंत्रांचा अर्ज आत्ताच पाठवला. पण चक्कीला दोष देताना मला एकच यंत्र कसं पुरलं होतं, सांगा ना?