ठोंब्याचं गवत

गोजराबाई माझी चुलत सासू. रिठदला लग्न होऊन आले तेव्हा घरात आम्ही दोघीच बायका. साल असेल एकतीस-बत्तीस. ती तोंडाने फटकळ, हाताला जड. विधवा, मूलबाळ नाही, आणि तिचा सगळा जीव एका कासवात. शेताच्या धुऱ्यावर गवत कापताना सापडलेलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. नाव ठोंब्या. गोठ्यात राहायचा आणि वाळलं गवत खायचा.

मी कारंज्याची, चार बुकं शिकलेली, पण अक्कल बुकात नसते. आमच्या देवळात कासवाला हात लावल्याशिवाय कोणी देवापुढे जात नाही. इथे तर जिवंत कासव घरात, आणि त्याला गवत? मला पटेना. सणावाराला माझ्या वाटणीची पोळी आली, की पुरण काढून मी हळूच त्याच्यापुढे ठेवायची. मग रोज माझ्या वाटचा गूळ, केळं. महिनाभरात स्वारी अशी माजली, की गवताकडे बघेना. पोटही बिघडलं.

"काय खाऊ घालून राह्यली वं त्याले?" गोजराबाईने विचारलं.

"काही नाही," म्हटलं मी. धडधडीत खोटं.

तेवढ्यात गावच्या नव्या विहिरीला पाणी लागलं. उकंडराव पाटील दारात आले. "गोजराबाई, सोमवारी पूजा हाय. तुमचं कासव विहिरीत सोडू. पाणी निवळ राह्यते."

"हे पाण्यातलं नाही पाटील. बुडून मरन."

"कासव अन् बुडन?" बरोबरची माणसं खो-खो हसली.

गोजराबाई उसळली. "कासव कायले म्हणता त्याले? गवत खाते ते. ढोर हाय, ढोर! गावच्या विहिरीत ढोर टाकता का?"

पाटलांचं हसू थांबलं. विहिरीत ढोर पडलं तर पाणी बाटतं, हे कोणालाही कळतं. ते म्हणाले, "बरं. सोमवारी सगळ्यांसमोर गवत खाल्लं, त तुमचं ढोर. नाही खाल्लं, त विहिरीचं कासव."

माणसं गेली आणि मी गोजराबाईपुढे बसले. रडत रडत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता मुस्काटात बसते. पण ती म्हणाली, "पाच दिस हायेत. ऊठ."

पहिल्या दिवशी त्याला कोमट पाण्यात बसवलं, खायला काही नाही. दुसऱ्या दिवशी मूठभर गवत बारीक कापलं, पाणी शिंपडलं आणि त्यात तरोट्याचा हिरवा पाला मिसळला. लबाडाने पाला तेवढा वेचून खाल्ला. रोज पाला कमी, गवत जास्त. खाल्लं नाही तर तासाभरात उचलून ठेवायचं, पुढ्यात पडू द्यायचं नाही. तो माझ्या पायाशी येऊन मान वर करायचा. माझं काळीज तुटायचं, आणि गोजराबाई ओरडायची, "लाड नको करू!" रविवारी त्याने एक काडी तोंडात धरली आणि टाकून दिली. त्या दिवशी आमच्याही घशाखाली घास उतरला नाही.

सोमवारी विहिरीवर अख्खं गाव. मी ठोंब्याला खाली ठेवलं, पुढे गवत टाकलं. गोजराबाई पूजेपासून दूर, बाभळीखाली उभी होती. इतक्यात पाटलीण कस्तुराबाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या आणि मोठ्या भक्तीने त्याच्यापुढे पुरणाचा गोळा ठेवून पाया पडल्या.

झालं! ठोंब्याने मान काढली आणि सरळ पुरणाकडे निघाला. मेल्या, मर आता! पुरणात तोंड घातलं, आणि झटक्यात मान आत. पुरण चुलीवरून नुकतंच उतरलेलं, चटका बसला होता. बऱ्याच वेळाने डोकं बाहेर आलं. त्याने पुरणाकडे पाहिलं, तोंड फिरवलं आणि गवताची काडी ओढली. मग दुसरी. मग कराकरा चावायलाच लागला.

पाटील वाकून बघत होते. "खरंच ढोर हाय हो," म्हणाले. "उचला त्याले इथून, विहीर बाटन."

गोजराबाई बाभळीखाली मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

घरी आल्यावर तिने ठोंब्याला गोठ्यात सोडलं, गवत टाकलं. प्रसादाची पोळी आली होती, ती सगळी माझ्या ताटात वाढली.

"अर्धी तुम्ही घ्या," म्हटलं मी.

"खाय गुमान," ती म्हणाली. "महिनाभर उपाशी राह्यली तू त्या मेल्यापायी. मले काय दिसत नव्हतं?"

ती समोर बसून राहिली, मी पोळी संपवेपर्यंत.