अण्णांना सापडलेला कागद

निवृत्त होऊन अण्णा, म्हणजे माझे वडील, कलकत्त्याला आले तेव्हा गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात माझी नुकतीच बदली झाली होती. कालीमाता, गंगा, म्युझियम त्यांनी चार दिवसांत उरकलं आणि पाचव्या दिवशी कोर्ट शोधून काढलं. साताऱ्याकडे तीस वर्षं ते कोर्टात शिरस्तेदार होते. कागद सांभाळण्यातच हयात गेलेली. खटला ऐकायला कोणीही जाऊन बसू शकतं, तिकीट नसतं आणि डोक्यावर पंखा असतो, हे त्यांनी मला स्वतःच लावलेल्या शोधासारखं सांगितलं.

मग रोज डबा घेऊन ट्रामने एस्प्लनेड, तिथून पायी कोर्ट. दाराबाहेर लावलेली खटल्यांची यादी वाचून कुठे बसायचं ते ठरे. खून-मारामाऱ्या त्यांना वर्ज्य. "त्यात कागद फार कमी," म्हणत. बंगालीवाचून काही अडलं नाही. वकील इंग्रजीत तारीख मागत, न्यायाधीश इंग्रजीत ती देत, मधलं बंगाली नुसतं शोभेला.

एका खटल्यात मात्र त्यांचा जीव अडकला. घरमालक एका म्हाताऱ्या विधवेला खोलीतून काढू पाहत होता आणि तिला दुसरा थारा नव्हता. ती अण्णांच्याच बाकावर बसे, सरकून त्यांना जागा देई. एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे दोघांचं छान जमलं होतं. पण तिचा वकील! भाडेपत्र दाखवा म्हटलं की तो गठ्ठे उपसायचा, घाम पुसायचा आणि सापडत नाही म्हणून पुढची तारीख घ्यायचा.

"अरे, असल्या गबाळ्यामुळे बिचारी हरेल!" अण्णा जेवताना चडफडत.

एकदा रजा काढून मीही गेलो. उपसाउपशी सुरू झाली आणि दर तारखेला त्या गठ्ठ्यांवर नजर ठेवून बसलेले अण्णा उठले. मी त्यांचा कोट ओढला, पण व्यर्थ.

"युवर ऑनर, तिसरा गठ्ठा, पिवळ्या कागदाखाली," त्यांनी इंग्रजीत खणखणीत सांगितलं.

कागद तिथेच होता. अण्णा विजयी मुद्रेने बसले, म्हातारीही त्यांच्याकडे पाहून हसली. वकिलाचा चेहरा मात्र पडला होता. भाडेपत्राची मुदत केव्हाच संपलेली होती. तो कागद सापडत नव्हता तोवरच तिची खोली शाबूत होती. इतके महिने रेंगाळलेला न्याय मग अर्ध्या तासात उरकला. वकिलाने तिला बाजूला नेऊन खोली सोडण्याचा हुकूम समजावला, तेव्हा तिने वळून अण्णांकडे पाहिलं. आता ती हसत नव्हती.

"अण्णा, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" ट्राममध्ये मी ओरडलो. मला भयंकर राग आला होता. रात्री ते जेवले नाहीत. झोपताना एवढंच विचारलं, "माझी चूक झाली, हे बंगालीत कसं म्हणतात रे?"

"भूल होये गेछे," मी सांगितलं. त्यांनी ते घोकून पाठ केलं आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर त्याच बाकावर, शेजारी जागा सोडून बसले. तिला आता कुठलीच तारीख नव्हती.