डाव्या पेडलचे उलटे आटे

रामटेकला मी नवस फेडायला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण असे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा भाविक असतात आणि मी त्या दिवशी तसा नव्हतो. बायकोला जाऊन दोन महिने झाले होते. तिच्या आजारपणात मी रामाला बोललो होतो, की हिचा रिपोर्ट चांगला येऊ दे, नागपूरहून सायकलनं तुझ्या पायाशी येईन. रिपोर्ट चांगला आला नाही. पुढचाही नाही. म्हणजे मी जायला बांधील नव्हतो. पण त्याच्यासमोर उभं राहून एकदा विचारायचं होतं, की बाबा, काहून? का असं?

नवसाची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. किती दिवसांनी हसली. म्हणाली, "वा जी वा! दुखणं माहं, अन् नवसात सायकल तुमची."

सायकलचं वेड मला निवृत्तीच्या तोंडावर लागलं. त्या वयात लागलेलं वेड गोवरासारखं असतं, उशिरा आलं की जास्त तापतं. आमचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात मी बिनपगारी गुरुजी. साखळीवर तेल ओतू नका, कडीकडीवर थेंब सोडा आणि वरचं पुसून काढा, नाहीतर रस्त्याची सगळी धूळ तिथंच मुक्कामाला येते. लांबच्या प्रवासात सामान पाठीवर घेऊ नका, सायकलीवर लादा. सायकलीला मणका नसतो. गादी मऊ म्हणजे चांगली, हा गैरसमज विसाव्या किलोमीटरवर आपोआप फिटतो. आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मी तीन वेळा लिहिलेलं आहे, तिसऱ्या वेळी तर चित्र काढून. बायकोच्या दोन केमोंच्या मधल्या काळात मी टायरांची तुलना वाचत बसायचो. लोकांना वाटायचं, मन रमवून राहिला बिचारा. खरं म्हणजे तिच्या खोलीत बसण्यापेक्षा टायर सोपे होते.

तर निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही पेडलं काढून ग्रीस लावलं आणि परत बसवली. पेडलच्या दांड्यावर एल आणि आर अशी मुंगीएवढी अक्षरं असतात. पूर्वी मी पाना हातात घेतला की बायको न सांगता चष्मा आणून बाजूला ठेवायची. त्या दिवशी कुणी ठेवला नाही, आणि मला तो उठून आणायचं सुचलंही नाही. पेडल थोडं अडून राहिलं. मी पाना लावला, पान्यावर पाय ठेवला, आणि ते आत गेलं.

सकाळी गार हवेत निघालो. मनातल्या मनात रामासमोरचं भाषण पाठ करत होतो. मुद्दे काढले होते, एक ते सात. कामठी ओलांडता ओलांडता, दुसऱ्या मुद्द्यावर, डावं पेडल पायासकट निसटलं आणि मी रस्त्याच्या कडेला धुळीत बसलो. शेअर ऑटोतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. हेल्मेट, हातमोजे, पिवळं जाकीट, आणि हातात पेडल.

शंभर पावलांवर पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्रा, पाण्याचं घमेलं, पंप, आणि मागच्या गल्लीतून येणारा पॉवरलूमचा खडखडाट. साठीची एक बाई पदर खोचून ट्यूब घासत बसली होती.

"मिस्त्री कुठं गेले?" मी विचारलं.

"तुमच्या पुढ्यातच बसून राहिले."

मी पेडल तिच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्याजवळ नेलं, मग पेडल ज्या दांड्यात बसतं त्या क्रँकच्या भोकात बोट घालून फिरवलं. बोटाला चांदीसारखा चुरा लागला.

"हे उजवीकडचं हाय. डावीकडं काहून घातलं गा भाऊ? डाव्याचे आटे उलटे असतात. ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मंग?"

"चष्मा नव्हता."

"चष्म्याचं राहू द्या. बोटाले नाही समजलं? पयले दोन-तीन फेरे बोटानंच फिरवा लागते. बोटानं नाही गेलं, तं ते त्या घरचं नाही. तुम्ही पाना लावला."

"हो."

"अन् वरून पाय देला."

"हो."

"वा," ती म्हणाली. एवढंच. आमच्या घराण्यात हातमाग होते. धागा तुटायच्या आधी आजोबांच्या बोटांना कळायचं म्हणतात. त्यांचा नातू मी.

हा क्रँक आता कामाचा नाही, उजवा पण आज ना उद्या जाईल, नवीन नागपुरात सीताबर्डीलाच मिळाला तर मिळेल, असं तिनं सांगितलं. कुठं निघाले विचारलं. रामटेक म्हटल्यावर तिनं हात पुसले आणि भिंतीला टेकवलेली एक सायकल पुढं आणली. लेडीज सायकल. हिरवी, समोर जाळीची टोपली, साखळीवर पत्र्याचं झाकण.

"ही न्या. दिवे लागायच्या आत आणून द्या. तुमची ही भारीतली राहू द्या इथं. पळून गेले तं इकून टाकीन."

नाव नाही विचारलं, नंबर नाही. मी हँडलला हात लावला.

"माझ्या बायकोची अशीच होती," मी म्हणालो.

"मंग?"

"विकली."

"काहून?"

"जागा पाहिजे होती."

ती पुन्हा ट्यूब घासायला लागली.

आता ते सांगायलाच हवं. माझी नवी सायकल घरी आली तेव्हा जिन्याखाली जागा नव्हती. तिथं बायकोची हिरवी सायकल उभी असायची. त्याच सायकलवर तिनं वीस वर्षं शाळेत शिकवायला जाणं-येणं केलं. गंजत चालली होती हे खरं. मी तिला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकली. पहिल्यांदा दवाखान्यातून परत आलो तेव्हा तिनं जिन्यापाशी थांबून विचारलं, "माही सायकल कुठं हाय जी?" मी म्हणालो, सर्व्हिसिंगला टाकली. "मंग मी बरी होईपर्यंत येईल ना?" येईल, म्हणालो. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडं धावलो, पण सायकलचे तुकडे झाले होते. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विसरली. न विचारणारी माणसं विसरलेली नसतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्या दिवशी मी लेडीज सायकलवर रामटेकला गेलो. गिअर नाही, गादीची स्प्रिंग प्रत्येक खड्ड्याला कुरकुर करते, आणि पाय सरळ होत नाहीत म्हणून गुडघे हँडलला आपटतात. पण खरं बोलायचं तर सायकल चोख ठेवलेली होती. हवा बरोबर, ब्रेक बरोबर, साखळीचा आवाज नाही. कन्हान गेलं, मनसर गेलं. पाठ केलेले सात मुद्दे एकेक करून गळत गेले. बायको वीस वर्षं हेच ओढत होती, आणि वर डबा, वह्या, भाजी, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. गडाच्या चढावर उतरून ढकलायला लागलो, तर एका वानरानं टोपलीतून माझी खजुराची पाकिटं उचलली आणि समोरच्या कठड्यावर बसून माझ्याकडं बघत खाल्ली. प्रवासात दर तासाला काहीतरी खात राहावं, असं मी ग्रुपवर लिहितो. त्यानं पाळलं.

गाभाऱ्यासमोर गर्दी नव्हती. भांडायला पुरेसा वेळ होता. मी हात जोडले आणि तोंडातून निघालं ते एवढंच: "मी तिला खोटं बोललो." मागच्या म्हातारीनं ऐकलं असावं, कारण ती एक पाऊल मागं सरकली. काहून, हे विचारायचं राहूनच गेलं. नंतर पायरीवर बसल्यावर आठवलं, पण पुन्हा आत जावंसं वाटलं नाही.

उन्हं कलताना कामठीला पोचलो. मनात मी सगळं जुळवलं होतं: बरोबर त्याच ठिकाणी पेडल निघावं, बरोबर तशीच सायकल मिळावी, याचा अर्थ असणारच. सायकल खाली वाकून पाहिलीसुद्धा. बायकोच्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर तिनं शाळेचं नाव रंगवून घेतलं होतं. इथं काही नव्हतं. ती ती नव्हती. तरी मी म्हणालो, "मावशी, ही मला द्या. म्हणाल ते देतो."

तिनं टोपलीतलं वाळकं पान काढून टाकलं.

"ही माहीवाली हाय, भाऊ. तुमचीवाली तं तुम्ही इकली ना?"

रागानं नाही म्हणाली. पाना बाजूला ठेवावा, तसं म्हणाली.

मी माझी सायकल ऑटोच्या टपावर बांधून घरी आलो. तिनं मला दिवसभर सायकल दिली आणि संध्याकाळी दिली नाही. दोन्हीसाठी मी तिचा ऋणी आहे, आणि ज्यानं मला तिच्या दारात पाडलं त्याचाही. तो कोण, यावर मी वाद घालत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. फक्त जोर लावणं सोडलं आहे. देवाकडून जे बोटानं येत नाही, ते आपल्या घरचं नाही, एवढं समजून घ्यायचा प्रयत्न करतो. रोज जमत नाही.

नवा क्रँक बसवला. पेडल बसवायच्या आधी चष्मा शोधला. बराच वेळ लागला. लागू दे. माझी सायकल जरा भिंतीकडं सरकवून ठेवली; जिन्याखाली आता दुसऱ्या सायकलला पुरेल एवढी जागा आहे.