सारिकाचा एक पाय

“दोन पाय! सारके, दोन्ही पाय!” शाळेच्या बाई टेम्पोत अशा ओरडल्या, की तोरण्यावरची माकडंही ताठ उभी राहिली असतील. पासलीला एसटी चुकली म्हणून मी नुकताच त्या टेम्पोत चढलो होतो. आधी माझेच पाय जागेवर आहेत का ते पाहिलं.

टेम्पोतल्या पोरींची भोरला चिअरलीडिंगची स्पर्धा होती. खाली तिघी, त्यांच्या तळहातांवर सारिका. नोंदणी लेव्हल दोनची. खालच्यांनी हात पूर्ण वर ताणले की सारिकानं दोन्ही पायांवरच उभं राहायचं. एक उचलला की ती कसरत लेव्हल तीनची.

“मग जास्त गुण?” मी विचारलं.

“शून्य,” बाई म्हणाल्या. “शिवाय दंड कापतात. आपल्या लेव्हलच्या वरचं केलं म्हंजे नियम मोडला.”

“एका पायावर तर ही बांधावर झोप काढती,” एक मुलगी म्हणाली. सारिका हसली नाही. पहिल्या आलेल्या संघाला पुण्यात शिबिर, राहणं आणि शाळा मिळणार होती. ते मिळालं तर शिक, नाहीतर मेंढरांमागं चल, असं तिच्या आबांनी सांगितलं होतं.

वेल्ह्याच्या रस्त्याला अशी वळणं, की पुढच्या चाकाला मागचं चाक तोंडावर भेटतं. नसरापूरला वडापाव खाल्ला. त्या मिरचीपायी पुढची चार गावं मला दिसलीच नाहीत.

भोरच्या मैदानावर इतर संघांचे चकचकीत पोशाख, आमच्या पोरी शाळेच्या गणवेशात. आबा मेंढरं भावाकडं सोपवून भोंगवलीहून चालत आले होते.

सारिका वर गेली. विजेच्या खांबानंतर इतकं सरळ उभं राहिलेलं मी काही पाहिलेलं नाही. तेवढ्यात गर्दीतून आबा गरजले, “एक पाय सोड, पोरी! बांधावर करतीस तसं! दाव त्यास्नी!”

तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी नको म्हणून मान हलवली. तिनं आबांकडं पाहिलं, आणि पाय उचलला.

मैदान उसळलं. नियम ठाऊक असून मीही शिट्टी मारली. वरंधा ओलांडून ती महाडला ऐकू गेली असणार.

आमचा नंबर दुसरा. दंड नसता तर पहिला होता.

“पडली न्हाई हो ती!” बाई पंचांना म्हणाल्या.

“पडली असती तर कमी कापले असते,” पंच म्हणाले.

घरी आल्यापासून या प्रवासातलं सगळं मी फुगवून सांगतो. तो पाय मात्र होता तेवढाच सांगतो.

आणि आबांचं बोलणंही. भोरहून निघण्याआधी बाईंनी त्यांना सगळं समजावलं होतं: पाय, शून्य, दंड, हुकलेलं शिबिर. त्यांनी ऐकून घेतलं. घोंगडं खांद्यावर टाकलं.

“बरं,” ते म्हणाले. “शाळा सोडल्याचा दाखला कवा मिळंल?”