सीनाताईंचा वाटा

मशीन लावून तयार होतं. नळ्या धुऊन झाल्या होत्या, खिडकीजवळच्या खुर्चीवर त्यांची जांभळ्या फुलांची गोधडी घालून ठेवली होती, आणि सीनाताईंचा पत्ता नव्हता. मी मनातल्या मनात चिडचिड करत होते. आमच्या डायलिसिसच्या वॉर्डात एक खुर्ची उशिरा सुरू झाली की दिवसभराचं गाडं बिघडतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांत त्या उशिरा आल्या होत्या त्या फक्त एकदाच. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, टोमाचा फोन आला. "मेधा, मशीन बंद कर," एवढंच म्हणाला. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. सकाळी तो उठवायला गेला तेव्हा त्या झोपेतच गेलेल्या होत्या. मी फोन ठेवला, मशीन बंद केलं, गोधडीची घडी घातली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रडायला मला दुपारच्या चहापर्यंत सवड मिळाली नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झालेत. मी मूळची सांगलीची. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या वर पोरिरुआत राहते, नर्स आहे. सीनाताई प्रशांत महासागरातल्या एका बेटावरच्या. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वस्ती इतकी थोडी आहे की नाव लिहिलं तर अख्खं गाव ओळखू येईल. बेट न्यूझीलंडच्या अखत्यारीतलं. तिथे विमानतळ नाही. शेजारच्या देशातून बोटीने जायचं, आणि ती बोटही किनाऱ्याला लागत नाही. ती बाहेर खोल पाण्यात थांबते नि माणसांना लहान होडीत उतरवून खडकांच्या फटीतून आत आणतात. सीनाताई तिथे शाळेत शिकवायच्या. मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांना इकडे मुलाकडे यावं लागलं, कारण बेटावर सगळं आहे, डायलिसिस नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना नुसतं 'सीना' म्हणायला गेले आणि जीभ अडखळली. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची सवय मला इतक्या वर्षांनीही लागलेली नाही. मग मी त्यांना ताई म्हणायला लागले. त्याचा अर्थ सांगितल्यावर त्या खूश झाल्या, आणि हळूहळू सगळा वॉर्डच त्यांना ताई म्हणायला लागला. केरळची नर्स, ब्रिटिश डॉक्टर, झाडून सगळे.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला त्यांना भेटायचं होतं. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने इथल्या बेटवाल्यांच्या दुकानातून हौसेने शहाळं आणलं. मी ते दारातच तिच्या हातातून काढून घेतलं. डायलिसिसच्या माणसाला शहाळ्याचं पाणी म्हणजे विष. त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं. आईचा चेहरा एवढासा झाला. सीनाताई मात्र खो खो हसल्या. त्यांच्या बेटावर बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पहिल्यांदा शहाळंच देतात, नाही म्हणणं म्हणजे दारातून परत जाणं, असं त्यांनी सांगितलं. मग ते शहाळं आईने आणि मी त्यांच्यासमोर बसून प्यायलं. त्या फक्त बघत होत्या. ते बघणं मला पुढे फार आठवलं.

बेटाची आणखी एक रीत त्यांनी इथे पोरिरुआत आणली होती, किंवा त्यांच्या लोकांनी आणली आणि त्यांनी टिकवली म्हणा. पुरुष मासे मारून आले की सगळी मासळी एकत्र मांडायची आणि घरटी सारखे वाटे घालायचे. ज्याने पकडले त्यालाही तेवढाच, म्हातारीलाही तेवढाच. मग एक जण एकेका घराचं नाव पुकारतो आणि त्या घरचं माणूस 'आहे' म्हणून पुढे होतं. हाका तीनच. तिसऱ्या हाकेलाही कुणी बोललं नाही तर वाटा परत ढिगात, आणि पुढच्या वेळी ते नाव पुकारत नाहीत. इथे हे चर्चच्या हॉलमध्ये ताडपत्रीवर चालतं. सीनाताईंना मासा बेतानेच खायची परवानगी, त्यामुळे अर्धा वाटा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत यायचा. आणि तिकडे बेटावरही त्यांचं नाव पुकारलं जात होतं. त्या गेल्या नव्हत्या, बाहेर होत्या, एवढाच हिशेब. त्यांची बहीण दर वेळी त्यांच्या वतीने 'आहे' म्हणायची.

मग मतदान जाहीर झालं. बेटाने न्यूझीलंडच्या हाताखाली राहायचं की आपला कारभार आपण करायचा, एवढाच प्रश्न. तीनात दोघांनी हो म्हटलं तर हो, नाहीतर आहे तसंच. यापूर्वीच्या मतदानात मूठभर मतांनी राहिलं होतं. मत बेटावर येऊनच द्यायचं, टपालाने नाही. आता बाहेर राहणाऱ्यांचं काय, यावर तिथल्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेऊन निर्णय दिला... ज्याचा वाटा पुकारला जातो, त्याला मत. म्हणजे सीनाताईंना मत होतं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या हातात सुई घालत होते, आणि त्यांची नाडी अशी धावत होती की मी सुई तशीच धरून थांबले.

माझे आजोबा पत्री सरकारातले. लहानपणी आमच्याकडे स्वराज्य हा शब्द ताटातल्या मिठासारखा रोजचा होता. त्यामुळे मला यात प्रश्नच दिसेना. मी आपली भाबडेपणाने म्हणाले, यात विचार कसला करायचा? सीनाताईंनी विचारलं, तुमच्याकडे असं घरोघरी विचारलं होतं का? मी म्हटलं, छे, आम्हाला कोण विचारतंय, आम्ही मागितलं.

"मागणाऱ्याला एकच उत्तर माहीत असतं," त्या म्हणाल्या. "आम्हाला विचारलंय. म्हणून भीती वाटते."

टोमाला तर यातलं काहीच पटत नव्हतं. तो इथेच वाढलेला, बस चालवतो, आईची भाषा त्याला सगळी कळते पण उत्तर इंग्रजीत. आमच्या घरी माझी लेक हेच करते, त्यामुळे मला नवल नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पासपोर्ट तसाच राहील, दवाखान्यांचे दरवाजे उघडे राहतील असं अधिकारी सांगतात, पण उद्या सरकार बदललं तर? आणि आईसारखं कुणी उद्या आजारी पडलं तर त्याला इकडे कोण घेणार? शिवाय ती एक डायलिसिस चुकवायलासुद्धा घाबरते आणि आता समुद्रात जाणार? डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं. शेजारच्या देशात बोटीआधी आणि बोटीनंतर डायलिसिस मिळालं, आणि मधले दिवस समुद्र शांत राहिला, तर निभेल. नाही राहिला तर निभणार नाही. टोमा उठून बाहेर गेला. सीनाताई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि शेजारच्या देशातल्या दवाखान्यात त्यांच्यासाठी खुर्ची मिळवून द्यायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते करावंसं वाटलं आणि केलं.

त्या गेल्या. बेटाकडे निघताना मी त्यांना शंभरदा बजावलं असेल... पाणी घोटाघोटाने, केळं नाही, फणस नाही, आणि शहाळं तर मुळीच नाही. "हो गं बाई," असं त्या ऐटीत मराठीत म्हणाल्या. माझ्या आईकडून शिकल्या होत्या. पहिली बातमी चांगली आली, मत देऊन झालं. दुसरी आली की समुद्र उसळलाय, बोट बाहेर उभी आहे, पण होडी खडकांमधून बाहेर काढता येत नाही. त्यानंतर बातमीच नाही. तिकडचा फोन लागेना. मी रोज उठून हवामान बघायचे. लाटांचे ते रंगीत नकाशे मला काय कळणार, पण बघायचे. लाल रंग हलतच नव्हता. वॉर्डात त्यांची खुर्ची मोकळी होती आणि तिच्यावर दुसऱ्याला बसवताना मला अपशकुन केल्यासारखं वाटत होतं. शिकलेली बाई मी, रोज रक्ताचे आकडे वाचते, आणि चक्क देवाला नवस बोलून बसले.

एके दुपारी टोमा कामाच्या कपड्यांतच आला आणि आईच्या खुर्चीत बसला. गोधडी मांडीवर घेतली. कितीतरी वेळ तो मशीनकडे बघत होता. तिला धाप लागली असेल का, पाय सुजले असतील का, हे सगळं त्याने मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. खोटं सांगून काय उपयोग होता?

मग तो म्हणाला, "तू तिला पाठवलंस."

"मी खुर्ची मिळवून दिली," मी म्हटलं. "गेल्या त्या स्वतः."

ते खरं होतं आणि तरीही पुरेसं नव्हतं. त्याने गोधडी नीट घडी करून ठेवली आणि ड्यूटीवर गेला. वाईट वाटलं, त्याच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

समुद्र शेवटी उतरला. शेजारच्या देशात त्यांना स्ट्रेचरवरून नेऊन मशीनला लावलं, आणि त्या वाचल्या. आमच्याकडे परत आल्या त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता, तोच तो एकदाचा उशीर. पाय इतके सुजलेले की रबरी चपलाही चढेनात, अनवाणी आल्या. चेहरा ओळखू येत नव्हता. सुई घालून झाल्यावर मी पहिला प्रश्न काय विचारावा? शहाळ्याचा. त्या म्हणाल्या, हातात घेतलं, ओठाला लावलं आणि बहिणीला दिलं. सगळं गाव बघत होतं, कुणी काही बोललं नाही. मग डोळे मिटून, मी न विचारताच, त्यांनी सांगितलं.

"हो म्हटलं मी. भीती होतीच, पण म्हटलं."

निकाल आला तेव्हाही त्या याच खुर्चीत होत्या. फोनवर बहीण रडत होती की हसत होती ते कळेना, मागे ढोल वाजत होते. बेटाने हो म्हटलं होतं. मला वाटलं सीनाताई आता टाळ्या वाजवतील. त्यांनी फक्त मला खुर्ची जरा वर करायला सांगितली. सरळ बसल्या. "आता चुकलं तर आमचंच चुकेल," म्हणाल्या, आणि मग जरा वेळाने, "बरं वाटतंय." टोमा दाराशी उभा होता. तो आत आला नाही, पण गेलाही नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच त्या गेल्या. हृदय थकलेलं होतं. त्या प्रवासाने थकलं की आधीचंच थकलेलं होतं, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत आणि मीही सांगू शकत नाही. अंत्यविधीत टोमाने मला विचारलं, तू नाही म्हणाली असतीस तर ती थांबली असती का? मी म्हटलं, माहीत नाही रे. अजूनही माहीत नाही. हा प्रश्न मी बरोबर घेऊन फिरते. ट्रेनमध्ये, भाजी चिरताना... कधी कधी सुई हातात असतानाही.

गेल्या शनिवारी हॉलमध्ये वाटे होते. मी जाणार नव्हते, माझं तिथे आता काय काम? पण त्यांच्या लोकांनी ये म्हणून निरोप पाठवला. ताडपत्रीवर मासे मांडलेले, दारं उघडी, तरी समुद्राचा वास भरलेला. टोमा भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. त्याने जन्मात कधी वाटा उचललेला नव्हता. ते आईचं काम. त्यांच्या बेटावर आता पहिली स्वतःची निवडणूक येते आहे, कारभार करणारी माणसं निवडायची आहेत, आणि नियम तोच, ज्याचा वाटा त्याचं मत. इथे हाक बंद पडली की ते बेटावर कळवतात, आणि तिथेही ते नाव पुकारायचं थांबतं. हॉलमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मलाही.

पुकारणाऱ्या म्हाताऱ्याने सीनाताईंच्या घराचं नाव घेतलं. कुणी बोललं नाही. मी खाली फरशीकडे बघत होते. त्याने जरा थांबून दुसऱ्यांदा घेतलं. कुठेतरी एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझं ते घर नव्हतं. तिसऱ्यांदा नाव घेताना म्हाताऱ्याचा आवाज अगदी खाली आला.

"आहे," टोमा म्हणाला. इंग्रजीत नाही, आईच्या भाषेत.

तो पुढे गेला, वाकला, दोन्ही हातांनी वाटा उचलला. हात कसे धरायचे ते त्याला येत नव्हतं, एक मासा निसटून पडला, म्हाताऱ्याने तो उचलून परत त्याच्या हातावर ठेवला. मग टोमा माझ्याकडे आला. कोपऱ्यातलं वर्तमानपत्र घेतलं, अर्धा वाटा त्यात गुंडाळला आणि माझी पिशवी ओढून तिच्यात घातला. माझ्याकडे बघितलं नाही. मी संध्याकाळी मासे साफ केले, हळद, मीठ, तिखट लावून तव्यावर टाकले. लेकीने विचारलं, हे कुठून आले? मी म्हटलं, सीनाताईंकडून.