वत्सलाताईंच्या पेटीतल्या डब्या

वत्सलाताई इंगळे यांच्याशी माझी पहिली भेट झाली ती माझा खिसा हलका करून. मी डोणगावच्या शाळेत नुकताच रुजू झालो होतो आणि ताई तिथे आरोग्यसेविका होत्या. मुलांची तपासणी उरकून त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, चुन्याची डबी काढा."

"काऊन? तंबाखूची पुडी नाई पायजे?"

"पुडी दुकानात दुसरी भेटते. डबी गेली का खिसा रिता लागते. वापस मांगसान तवा देईन, पन मांगाले माह्यासमोर यावं लागन."

त्यांच्यासमोर जाऊन डबी मागण्याची माझी छाती कधी झाली नाही. तंबाखू सुटली ती अशी.

निवृत्त झाल्यावर ताईंनी तोंडाच्या तपासणीची शिबिरं घेणारी संस्था काढली आणि मला सचिव केलं. पत्र्याच्या एका पेटीत लोकांनी सोडलेल्या डब्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. ती पेटी घेऊन ताई एसटीने गावोगाव जात. कुणाच्या तोंडात जखम दिसली की त्याला घेऊन स्वतः अकोल्याच्या दवाखान्यात जात, रिपोर्ट हाती येईपर्यंत बाकावर बसून राहत. जानेफळच्या किसनरावांसोबत त्या अशाच तीनदा गेल्या होत्या. किसनराव बचावले आणि डबी ताईंच्या हवाली करून मोकळे झाले.

आता माझ्या करणीकडे येतो. गौरवलेखात ती लिहू नये असं संपादकांचं मत आहे, पण ती वगळली तर ताई कळायच्या नाहीत.

एका तंबाखू कंपनीने संस्थेला तपासणीची गाडी देऊ केली. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं मला झालं. बैठकीत ताई एकच वाक्य बोलल्या, "ज्याच्यापासून लोकायले सोडवतो, त्याच्याच गाडीत बसून कसं जावं?" मी उभा राहिलो. "गाडी कोनाचीबी असो ताई, पेशंट तं आपलाच हाय ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव मंजूर झाला आणि मी खुशीत घरी गेलो. माझ्या त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

गाडी चांगली होती, हे कबूल करायला हवं. आत खुर्ची होती, दिवा होता. दारावर मात्र कंपनीचं नाव होतं, पुडीवर असतं तेच. जानेफळच्या शिबिराला मी त्या गाडीतून गेलो. ताई एसटीने आल्या.

किसनराव गाडीभोवती एक चक्कर मारून ताईंसमोर आले. "ताई, माही डबी द्या."

"काऊन, किसनभाऊ?"

"कंपनीच डाक्टर धाडून राह्यली. मंग तंबाखू एवढी वाईट कायले असन?"

ताईंनी त्यांना पुष्कळ समजावलं. किसनरावांनी हात मागे घेतला नाही. शेवटी ताईंनी पेटी उघडली, चिठ्ठी वाचली आणि डबी त्यांच्या हातावर ठेवली. दिलेला शब्द त्यांनी पाळला. मी जवळच उभा होतो. ताई चिडतील, सुनावतील असं वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, खाली बसा. पानी प्या."

पुढच्याच बैठकीत मी ठराव मांडून गाडी परत पाठवली. त्यानंतर "मी सांगितलंच होतं" हे शब्द ताईंच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाहीत. किसनरावांच्या घरी मी चारदा जाऊन आलो. ते चहा पाजतात, डबी देत नाहीत. ताई जानेफळला आल्या की ते शेताकडे निघून जातात. त्यांची चिठ्ठी ताईंनी अजून पेटीत ठेवली आहे.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे पाय दुखतात, तरी एसटीची वेळ चुकत नाही. ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि या मागण्यात माझा स्वार्थ आहे. माझी डबी तुमच्या पेटीत आहे, आणि किसनरावांना त्यांची परत ठेवायला अजून यायचं आहे. ते येतील तेव्हा पेटी उघडायला तुम्हीच समोर असायला हव्यात.